नामावलीचा कारभार : इंटरनेटच्या सत्तेचा वाद आणि लिपीचा प्रश्न

इंटरनेटची व्यवस्था कोणाच्या हाती असावी, ह्याविषयी जगात गेली सुमारे तीस वर्षे जो वाद चालला आहे, त्याचा विचार मराठीतून करू लागले की पहिली अडचण शब्दाचीच येते. इंग्रजीतील 'गव्हर्नन्स' ह्या शब्दाला 'शासन' हा प्रतिशब्द सहज सुचतो; परंतु 'शासन' म्हणजे सरकार, हा अर्थ महाराष्ट्रात इतका रूढ झाला आहे की 'इंटरनेटचे शासन' असे म्हणताच वादाचा निकाल जणू एका पक्षाच्या बाजूने लागून जातो. 'नियमन' म्हटले तर बंधनाचा भाव पुढे येतो. 'व्यवस्थापन' म्हटले तर सत्तेचा प्रश्नच दृष्टीआड होतो. त्या मानाने 'कारभार' हा आपला जुना शब्द अधिक सोयीचा आहे. कारभार करणारा मालक असतोच असे नाही. तो दुसऱ्याच्या नावाने व्यवहार पाहतो, आणि कालांतराने नाव एकाचे व सत्ता दुसऱ्याची अशी स्थिती निर्माण होऊ शकते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला ही स्थिती नवी नाही. इंटरनेटच्या बाबतीतही मूळ प्रश्न हाच आहे, की कारभारी कोण, आणि तो कोणाच्या नावाने कारभार करतो.

प्रथम ह्या कारभाराची व्याप्ती निश्चित केली पाहिजे. इंटरनेट ही एक यंत्रणा नव्हे. स्वतंत्र मालकीच्या असंख्य जाळ्यांनी एकमेकांशी व्यवहार करण्याचे काही संकेत मान्य केले, त्यातून ती निर्माण झाली. समुद्रतळावरील तारा कंपन्यांच्या आहेत. मजकुरावरील कायदे ज्या त्या राष्ट्राचे आहेत. अशा ह्या विखुरलेल्या रचनेत एक स्थान मात्र असे आहे की जेथे एकच निर्णय साऱ्या जगाला लागू होतो. ते स्थान म्हणजे नावांची व अंकांची मूळ नोंद. प्रत्येक यंत्राला अंकात्मक पत्ता असतो. माणसाला अंक लक्षात राहत नाहीत, म्हणून त्याला नाव दिले जाते, आणि त्या नावावरून अंक शोधून देणारी एक श्रेणीबद्ध नामावली ठेवली जाते. एका नावाचा सर्वत्र एकच अर्थ व्हावयाचा, तर श्रेणीच्या शिखरावर एकच यादी असली पाहिजे. 'कॉम', 'ऑर्ग', 'इन' इत्यादी अंत्यपदे ज्या यादीत नोंदलेली असतात, तिला 'रूट झोन' म्हणतात. ही यादी अगदी लहान आहे. परंतु तिच्यात ज्याचे नाव नाही, ते इंटरनेटवर नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'अर्पानेट' ह्या जाळ्यात आरंभी अशी श्रेणी नव्हती. सर्व यंत्रांची नावे एका साध्या फायलीत लिहिलेली असत, आणि ती फाईल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. यंत्रांची संख्या वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस ह्यांनी आजची डोमेन नामपद्धती मांडली. नावे व अंक ह्यांच्या नोंदीचे काम जॉन पोस्टेल हे दक्षिण कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठीय संस्थेत बसून, मोजक्या सहकाऱ्यांच्या साहाय्याने पाहत असत. ह्या कामाला पुढे 'आयाना' असे नाव मिळाले. त्यांच्याजवळ कोणताही आंतरराष्ट्रीय अधिकार नव्हता; पैसा अमेरिकन सरकारच्या संशोधन-कंत्राटातून येई, आणि अधिकार सहकाऱ्यांच्या विश्वासातून.

पोस्टेल ह्यांनी १९९४ मध्ये ह्या कारभाराचे तत्त्व एका टिपणात नोंदवून ठेवले आहे. त्यातील एक मुद्दा शब्दार्थाच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. कोणत्या प्रदेशाला राष्ट्र म्हणावे, हे ठरविण्याचे काम आयानाचे नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने देशांच्या द्व्यक्षरी संकेतांची जी यादी केली आहे, ती जशीच्या तशी स्वीकारावयाची आणि राजकारणाचा प्रश्न त्या यादीवर सोपवावयाचा. युक्ती चतुर होती, पण तिने प्रश्न सुटला नाही. तो केवळ एक पाऊल मागे सरकला. पॅलेस्टाइनचा संकेत १९९९ मध्ये त्या यादीत आला, तेव्हा २००० मध्ये त्याचे अंत्यपद रूट झोनमध्ये दाखल झाले. एका समितीच्या तक्त्यात दोन अक्षरे लिहिली जाणे ही राजकीय घटना नव्हे असे कोणी म्हणेल, तर ते मान्य करणे कठीण आहे.

नावांना बाजारात मोल येऊ लागले तसा हा घरगुती कारभार टिकणे अशक्य झाले. १९९७ मध्ये जिनेव्हा येथे आंतरराष्ट्रीय स्वरूपाची एक व्यवस्था उभारण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकन सरकारला तो रुचला नाही. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल ह्यांनी मूळ यादी पुरविणाऱ्या बारा यंत्रचालकांपैकी आठ जणांना पत्र लिहून, ह्यापुढे सरकारी कंत्राटदाराच्या यंत्राऐवजी आयानाच्या यंत्रावरून यादी घ्यावी, असे सांगितले. आणि त्या आठांनी ते केले. ही केवळ चाचणी होती, असे त्यांचे म्हणणे पडले. अमेरिकन सरकारकडून तीव्र आक्षेप येताच ती मागे घेण्यात आली. काही दिवसांपुरती का होईना, एका अध्यापकवृत्तीच्या गृहस्थाने केवळ शब्दाच्या बळावर साऱ्या जाळ्याचे शिखर हलविले, ही गोष्ट दोन्ही पक्षांच्या ध्यानात राहिली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली 'आयकॅन' ही ना-नफा संस्था स्थापन झाली, आणि अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी करार करून तिने हा कारभार हाती घेतला. पोस्टेल १६ ऑक्टोबर १९९८ रोजी मरण पावले.

ह्यापुढील वादाचे स्वरूप बरेचसे शब्दांच्या लढाईचे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या माहिती समाज परिषदेचे पहिले सत्र २००३ मध्ये जिनेव्हाला व दुसरे २००५ मध्ये ट्यूनिस येथे भरले. मधल्या काळात नितीन देसाई ह्यांच्या अध्यक्षतेखाली चाळीस सभासदांचा एक कार्यगट नेमण्यात आला होता. त्याने जी व्याख्या केली तिच्यात सरकारे, खाजगी क्षेत्र व नागरी समाज हे तिघेही 'आपापल्या भूमिकेनुसार' सहभागी होतात, असे म्हटले. 'आपापल्या' ह्या एका शब्दात सारा मतभेद दडवून ठेवलेला आहे. भूमिका समान आहेत, की सरकारची भूमिका धोरण ठरविण्याची आणि इतरांची ते अमलात आणण्याची? दोन्ही अर्थ निघू शकतात; म्हणूनच दोन्ही पक्षांनी वाक्य मान्य केले. कार्यगटाने संस्थात्मक रचनेचे मात्र एक नव्हे, चार पर्याय पुढे ठेवले, आणि परिषदेने त्यांतील एकही स्वीकारला नाही. त्याऐवजी ज्याला निर्णयाचा अधिकार नाही असा एक वार्षिक विचारमंच निर्माण झाला. त्याची पहिली बैठक २००६ मध्ये अथेन्सला व तिसरी २००८ मध्ये हैदराबादला झाली. ट्यूनिसच्या जाहीरनाम्यातील 'वर्धित सहकार्य' ह्या शब्दप्रयोगाची कथा तर याहून बोलकी आहे. त्याचा अर्थ काय, हे ठरविण्यासाठी पुढे दोनदा कार्यगट नेमण्यात आले. दोन्ही वेळा एकमत झाले नाही. राजनैतिक भाषेत संदिग्धता हा दोष नसून साधन असते, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

भारताची भूमिका ह्या काळात एकसारखी राहिली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत पन्नास राष्ट्रांची एक समिती स्थापन करून इंटरनेटविषयक धोरण तिच्याकडे द्यावे, असा प्रस्ताव मांडला. डिसेंबर २०१२ मध्ये दुबई येथे दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीची फेररचना झाली, तेव्हा ८९ राष्ट्रांनी सही केली व ५५ राष्ट्रांनी केली नाही. सही न करणाऱ्यांत अमेरिकेबरोबर भारतही होता. जून २०१५ मध्ये, ब्युनोस आयरिस येथील आयकॅनच्या बैठकीत, सर्व संबंधितांच्या सहभागाने चालणाऱ्या पद्धतीला भारताने आपला पाठिंबा जाहीर केला. ह्या बदलाला विसंगती म्हणणे सोपे आहे. परंतु अमेरिकेच्या एका खात्याचा अंकुश हा ज्यांचा मुख्य आक्षेप होता, त्यांच्यापुढे पर्याय म्हणून केवळ सरकारांचीच सभा उभी राहत असेल, तर दोहोंपैकी कोणते परवडेल हा विचार परिस्थितीनुसार बदलणे स्वाभाविक आहे.

तो अंकुशही पुढे गेला. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन ह्यांनी अमेरिकन हेरगिरीची कागदपत्रे उघड केल्यानंतर अमेरिकेची नैतिक बाजू लंगडी पडली. एप्रिल २०१४ मध्ये ब्राझीलने साऊँ पाउलू येथे स्वतंत्र परिषद भरविली. त्याच्या आधीच्याच महिन्यात अमेरिकन सरकारने आयानाच्या कामावरील आपली देखरेख सोडून देण्याचा मनोदय प्रकट केला होता. चार अमेरिकन राज्यांनी शेवटच्या घटकेला न्यायालयात धाव घेतली. ती निष्फळ ठरली आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून ही देखरेख संपली. आयकॅन मात्र कॅलिफोर्नियाच्याच कायद्याखाली राहिली. २ मार्च २०२२ रोजी, रशियन अंत्यपदे रद्द करावीत ही युक्रेनची विनंती आयकॅनने नाकारली. कोणाची बाजू घेणे हे आपले काम नव्हे, असे तिने कळविले. पोस्टेल ह्यांचीच ती जुनी भूमिका. मात्र 'अमेझॉन' ह्या नावावर नदीकाठच्या राष्ट्रांचा हक्क की कंपनीचा, हा प्रश्न आला तेव्हा बाजू न घेणे शक्य नव्हते. ब्राझील व पेरू ह्यांचा विरोध अनेक वर्षे चालला, आणि २०२० मध्ये ते अंत्यपद कंपनीला मिळाले.

येथवरचा वृत्तांत सामान्यतः राज्यशास्त्राचा विषय समजला जातो. परंतु कारभाराचा एक भाग असा आहे की ज्यात राजदूतांना गती नाही आणि भाषेच्या अभ्यासकाला ती असावयास हवी. नावे कोणत्या अक्षरांत लिहावयाची, हा तो भाग होय.

मूळ पद्धतीत नावासाठी एकंदर ३७ चिन्हे होती : रोमन लिपीची २६ अक्षरे, १० अंक व एक आडवी रेघ. जगातील बहुसंख्य लिप्या त्यामुळे नामावलीच्या बाहेर राहिल्या. २००३ मध्ये त्यांना आत घेण्याची जी योजना झाली ती मूळ पद्धतीला धक्का न लावणारी होती. अन्य लिपीतील नाव एका गणिती रीतीने त्या ३७ चिन्हांत रूपांतरित करावयाचे, आणि यंत्राला तेवढेच दाखवावयाचे. 'भारत' हे अंत्यपद आपल्याला देवनागरीत दिसते. रूट झोनमध्ये मात्र ते 'एक्स-एन', दोन आडव्या रेघा आणि पुढे 'एच-२-बी-आर-जे-९-सी' असे नोंदलेले आहे. देवनागरी हा वेष झाला, देह रोमनच राहिला. ह्याबद्दल खंत करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की जुनी यंत्रे न मोडता नवी लिपी आणण्याचा ह्याहून स्वस्त मार्ग त्या वेळी दिसत नव्हता.

खरी अडचण वेषाची नसून वर्णांच्या मोजदादीची होती. युनिकोड ह्या वर्णसंकेतावर ही योजना आधारलेली आहे. युनिकोडची संस्था १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातच स्थापन झाली व तिच्या सभासदांत मोठ्या कंपन्यांचा भरणा आहे. तिची देवनागरीची मांडणी मात्र भारतीय आहे. ती १९८८ च्या 'इस्की' ह्या भारतीय मानकावरून घेतलेली आहे. २००३ ची योजना युनिकोडच्या त्या वेळच्या एका आवृत्तीशी बांधली गेली. परिणामी त्या आवृत्तीत नसलेले अक्षर नावातही वर्ज्य ठरले. मराठी 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तोपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ ते नावांच्या जगात अस्तित्वातच नव्हते. हिंदीत हाच स्वर 'ऍ' असा लिहितात, तो मात्र होता. शिवाय 'अ' वर चंद्र ठेवूनही 'ॲ' सारखेच दिसणारे रूप सिद्ध होते. डोळ्याला एक, यंत्राला दोन. फसवणूक करू पाहणाऱ्याला ह्याहून सोयीचे काही नाही.

परंतु मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे उदाहरण अर्ध्या 'र' चे आहे. 'दरी' चे अनेकवचन 'दऱ्या', आणि समुद्रवाचक 'दर्या'. 'आचारी' पासून 'आचाऱ्यास', आणि 'आचार्य' पासून 'आचार्यास'. येथील भेद केवळ लेखनशोभेचा नाही. शब्दाचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'कऱ्हाड' ह्या शब्दांत तर रफार चालणारच नाही. हिंदीला ह्या चिन्हाची गरज नाही. नेपाळीला आहे, मराठी-कोंकणीला आहे. संगणकावर हे रूप दोन मार्गांनी लिहिले जात असे. 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण हलन्त करून, किंवा साध्या हलन्त 'र' पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. कागदावर दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो. २००३ च्या नियमांनी अदृश्य चिन्हे गाळून टाकण्याचे ठरविले, कारण जे दिसत नाही ते नावात असणे धोक्याचे. तर्क बरोबर होता. पण त्याचा परिणाम असा की दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या 'दऱ्या' मधील जोडचिन्ह नाहीसे होऊन मागे 'दर्या' उरत असे. दरीचा समुद्र झाला, आणि तो ज्यांनी केला त्यांच्या हे ध्यानीही आले नसावे.

ही तक्रार एकट्या मराठीची नव्हती. सिंहलीतील 'श्री' त्याच जोडचिन्हावाचून नीट लिहिता येत नाही, म्हणजे त्या देशाच्या नावातील पहिलाच शब्द अडतो. फारसीत शब्दांचे घटक वेगळे ठेवणारे अदृश्य चिन्ह नेहमीच्या लेखनात लागते. जर्मन भाषेतील विशिष्ट दुहेरी 'स' साध्या दोन 'स' मध्ये बदलला जाई, आणि ग्रीकमधील शब्दान्तीचा सिग्मा मधल्या सिग्मात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांत ही चारही चिन्हे पुन्हा विचारात घेण्यात आली. जोडचिन्ह हलन्तानंतर आल्यास चालेल, असे ठरले. आणि नियम युनिकोडच्या एका आवृत्तीपासून सोडविण्यात आले. ह्या दुरुस्त्या कोणत्याही आमसभेत मताला टाकल्या गेल्या नाहीत. अभियंत्यांच्या खुल्या पत्रव्यवहारातून त्या घडल्या. ज्याने लिहिले त्याचे म्हणणे विचारात आले, जो गप्प राहिला त्याचे नाही.

देशनामांची अन्य लिपींतील अंत्यपदे मे २०१० पासून रूट झोनमध्ये येऊ लागली. आरंभीच्या नावांत इजिप्त, सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिरातींची अरबी नावे होती. बल्गेरियाचे सिरिलिक द्व्यक्षरी पद ब्राझीलच्या रोमन पदासारखे दिसते म्हणून नाकारले गेले आणि पुनर्विचारानंतर २०१४ मध्ये मान्य झाले. 'सारखे दिसणे' हा निकष वाटतो तितका वस्तुनिष्ठ नाही. सिरिलिक वाचणाऱ्याला ती दोन पदे सारखी दिसत नाहीत. भारताला आरंभी सात लिप्यांतील पदे मिळाली, आणि देवनागरी 'भारत' २७ ऑगस्ट २०१४ रोजी वापरासाठी खुले झाले. पुढे आणखी आठ पदांची भर पडून ही संख्या पंधरा झाली. त्यांत देवनागरीतील संस्कृत 'भारतम्' व संताळी 'भारोत' ही पदेही आहेत. एका लिपीत दोन भाषांची दोन पदे, आणि मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी इत्यादींना मिळून एकच, अशी ही वाटणी आहे. मराठीला त्यात काही गमवावे लागले नाही. 'भारत' तिचेच आहे.

'संगठन' ह्या अंत्यपदाबद्दल तसे म्हणता येणार नाही. आयकॅनने २०१२ मध्ये नव्या अंत्यपदांसाठी अर्ज मागविले. एका अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते, आणि १,९३० अर्ज आले. 'ऑर्ग' चालविणाऱ्या संस्थेने देवनागरीसाठी 'संगठन' हे पद घेतले. हा शब्द हिंदी आहे. मराठी माणूस 'संघटना' म्हणतो व लिहितो. 'कॉम' चालविणाऱ्या कंपनीने भाषांतराचा नाद सोडून देवनागरी 'कॉम' च घेतले, जे कोणत्याच भारतीय भाषेत काही अर्थ सांगत नाही, पण सर्वांना कळते. ज्याने शुल्क भरले त्याने शब्द निवडला. देवनागरी म्हणजे हिंदी, ही समजूत परदेशी संस्थांमध्ये कशी रुजते व नोंदवहीत कशी कायम होते, ह्याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रूट झोनमध्ये कोणत्या लिपीची कोणती अक्षरे चालतील ह्याचे नियम लिपीवार समित्यांनी केले. ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ भारतीय लिप्यांसाठी एक संयुक्त समिती होती, आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील मंडळींचा तिच्या कामात मोठा वाटा होता. देवनागरीचे नियम जुलै २०१९ मध्ये अंतर्भूत झाले. अक्षरांचा क्रम कोणता संभवतो, मात्रा कोठे येऊ शकत नाही, दोन लिप्यांतील कोणती अक्षरे एकमेकांची भ्रांती उत्पन्न करतात, अशा प्रश्नांचा तेथे ऊहापोह आहे. गुरुमुखीतील 'स' देवनागरी 'म' सारखा दिसतो. तेव्हा एकाने घेतलेले नाव दुसऱ्याला देता येईल काय, हा प्रश्न लिपिशास्त्राचा आहे तसाच मालमत्तेचाही. अदृश्य जोडचिन्हाला मूळ नामावलीत कोणत्याही लिपीसाठी स्थान नाही. मराठीच्या अर्ध्या 'र' ची मात्र 'ऱ' ह्या वर्णाच्या आधारे दखल घेतलेली आहे. म्हणजे लिहिण्याच्या दोन मार्गांपैकी एक उरला. ज्याच्या कळफलकावर अजून दुसराच मार्ग आहे, त्याने टंकलिखित केलेला 'वऱ्हाड' डोळ्याला शुद्ध दिसेल आणि यंत्राला अग्राह्य ठरेल.

हे नियम केवळ अंत्यपदांपुरते आहेत. त्याखालच्या पायरीवर, म्हणजे 'भारत' च्या आधी येणाऱ्या नावांत, कोणती अक्षरे चालावीत हे ठरविण्याचे काम ज्या त्या अंत्यपदाच्या चालकाचे. भारतीय देशपदांच्या बाबतीत ते 'निक्सी' ह्या संस्थेकडे आहे. असे नियम करताना ते मसुद्याच्या अवस्थेत लोकांच्या अभिप्रायासाठी खुले ठेवण्याची प्रथा आयकॅनच्या व्यवस्थेत आहे. देवनागरीच्या मसुद्यावरही असे अभिप्राय मागविण्यात आले होते, आणि ते पाठविण्यासाठी कोणत्याही सरकारच्या प्रतिनिधित्वाची अट नव्हती.